साक्षीदाराचा रकाना

सेंट जॉन्सला, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर आकाशं येतात
स्टेपल मारून.
बरीचशी हृदयाची. काही डोळ्यांची.
मागच्या महिन्यात एक साखरेचं होतं,
पस्तिशीतला पोरगा, फोनवर सारखा
“मॅडम, मी धावतो रोज” म्हणत होता.

हे मात्र एका मिनिटाच्याही आतलं.

दावेदार ॲम्ब्रोस पॉटल, वय एकोणसाठ.
ट्विन ऑटर, लॅब्रॅडोरचा किनारा,
गूज बे ते नेन,
आणि मधे जिथे कुणी वाट बघत असेल तिथे.
एकूण तास एकोणीस हजार चारशे सहा.
(आधी पाच लिहिलेत. मग खोडून सहा.)

घटना कुठे घडली?
स्वयंपाकघरात. कप विसळत होतो.
काय झालं?
नळ चालू होता. मग मी फरशीवर होतो
आणि नळ चालूच होता.
ओव्हनवरच्या घड्याळात मिनिट बदललं नव्हतं.
साक्षीदार?
कुत्री. नाव टिली.

आमचे नोझवर्दी साहेब चष्म्यावरून बघतात.
साठी आली की सगळ्यांनाच चक्कर येते, म्हणतात.
त्यांचंही खरं आहे, अशी प्रकरणं मी पाहिलीत.
साठाव्या वाढदिवसाला पॉलिसी संपते
आणि ॲम्ब्रोसच्या वाढदिवसाला तेव्हा
एक्केचाळीस दिवस उरले होते.
पण पन्नाशीनंतर दर वर्षी
दहावा हिस्सा गळत जातो तिच्यातून,
हे बारीक अक्षरांतलं कलम मीच तर
लोकांना मोठ्याने वाचून दाखवते.
याच्या वाट्याला उरलंय ते
एका जुन्या पिकअपच्या किमतीएवढं,
तेही टायर घासलेले असतील तर.

माणसं म्हणतात, पायाखालची जमीन सरकली.
याच्या पायाखाली ती आली
आणि हललीच नाही.

शेवटच्या उड्डाणाची फक्त तारीख मागतो आम्ही.
याने सगळा माल लिहून दिलाय:
अंडी चोवीस डझन,
स्नोमोबिलचा पट्टा एक,
शवपेटी एक, रिकामी, होपडेलला,
आणि दाढ दुखणारी एक मुलगी परतीला,
पुढच्या सीटवर, कारण मागे तिला रडू येत होतं.
वजन पौंडांत. मुलीचंही.

माझा निर्णय होत नव्हता.
मग डॉक्टरच्या चिठ्ठीत, खाली,
मेंदूच्या आलेखाच्याही खाली, एक ओळ सापडली:
रुग्ण चालत आला. बूट ओले. बाहेर उणे अठरा.

घरापासून दवाखाना सहा किलोमीटर.
मी नकाशावर मोजलं, दोनदा.
दारात गाडी होती त्याच्या, टाकी भरलेली,
आणि तोवर त्याला कुणीही
काहीही मना केलेलं नव्हतं.

नोझवर्दी साहेबांपुढे कागद ठेवला.
ते बराच वेळ बुटांपाशीच थांबले.
मग सही केली आणि जेवायला गेले.

मी फोन लावला. रक्कम सांगितली.
बरं, म्हणाला.
पलीकडे रेडिओवर हवामान चालू होतं.
मग म्हणाला, आज नेनला धुकं उठणार नाही,
त्या नव्या पोराला कुणी सांगितलंय का?
मी म्हटलं, ते आमच्याकडे येत नाही.
हो, म्हणाला, ते माझ्याकडेही नाही आता.
टिली कुठेतरी दार ओरबाडत होती.

संगणक साक्षीदाराशिवाय पुढे सरकत नाही.
नाव: टिली.
आडनाव मागतो, लाल चौकटीत.
मी पॉटल लिहिते.
दावेदाराशी नातं?
यादीत पत्नी आहे, सहकारी आहे, शेजारी आहे.
जेवणाची सुट्टी संपत आलीय
आणि मी अजून
यादी वरखाली करतेय.